खडकवासल्याचा वर्षाचा हिशेब: जुलैपासून मागं

पाटबंधाऱ्याच्या दप्तरात वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. पण सगळा कारभार ज्या तारखेवर टेकलेला असतो ती १५ ऑक्टोबर. पाऊस परतीला लागलेला, डोंगरातून येणारा येवा आटत आलेला. त्या दिवशी धरणांत जे असेल त्यावर पुढचा पावसाळा गाठायचा. "यंदा धरणं भरली, आता काळजी नाही," असं पुण्यात ज्या आठवड्यात सगळे म्हणत असतात, नेमकी त्याच आठवड्यात आमच्या टेबलावरची काळजी सुरू होते.

खडकवासला प्रकल्पाच्या साठ्याचं नियोजन माझ्याकडे आलं ते आधीचे अभियंते बदलून गेले म्हणून. मला त्यातलं काही विशेष कळत होतं म्हणून नव्हे. तोवर मी बांधकामाकडे होते, काँक्रीटचे क्यूब फोडून ताकद बघण्यात माझा दिवस जायचा. टेबलावर एक जुनी नोंदवही, धरणांची पातळी-साठा कोष्टकं आणि कुणीतरी अर्धवट भरलेली एक्सेलची फाईल, एवढा वारसा मिळाला.

आधी रचना सांगते, कारण पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांनाही ती नीट माहीत नसते. वर सह्याद्रीत तीन धरणं आहेत: मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव आणि आंबीवर पानशेत. तिन्हींचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. उपयुक्त साठा टेमघरचा ३.७१ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), वरसगावचा १२.८२, पानशेतचा १०.६५ आणि खडकवासल्याचा १.९७. सगळे मिळून २९.१५. म्हणजे ज्याचं नाव प्रकल्पाला आहे, ते चौघांत सगळ्यात लहान. १८७९ साली पुरं झालेलं, सगळ्यांत जुनंही तेच. पण शहराची जलवाहिनी तिथूनच निघते आणि दौंड-इंदापूरकडे जाणारा नवा मुठा उजवा कालवाही तिथूनच. वरच्या तिघी गच्चीवरच्या टाक्या आणि खडकवासला हा खालचा नळ, असं मी नवीन येणाऱ्यांना सांगते. नळापाशी पाणी राहत नाही. ते वरून आणत राहावं लागतं.

माझी सुरुवात पावसाळ्यात झाली, त्यामुळे पहिले तीन महिने नियोजन कमी आणि धावपळ जास्त. गेटेड धरणांना पावसाळ्यात तारखेनुसार पातळी ठरवून दिलेली असते. त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. ऑफिसात सगळे नुसतं 'आरओएस' म्हणतात. जुलैअखेर इतकी पातळी, ऑगस्टच्या मध्याला इतकी, असं चढत जाऊन पावसाळ्याच्या शेवटी धरण पूर्ण भरायचं. जुलैतच काठोकाठ भरलं तर ऑगस्टचा पूर कुठे सामावून घेणार? आणि जागा राखून ठेवली, वर ऑगस्ट कोरडा गेला, तर ऑक्टोबरात कुणाच्या तोंडाकडे बघणार?

हा पेच कागदावर सोपा वाटतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, वरसगाव सूचीतल्या पातळीच्या वर आणि हवामान खात्याचा घाटमाथ्याला इशारा आलेला असताना, तो सोपा राहत नाही. टेमघरच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही अप्रूप नाही. खाली शहरात त्याचा चौथा हिस्सा पडतो. शहरातला माणूस छत्री मिटून विचारतो, "पाऊस तर थांबलाय, मग नदीला पाणी कशाला सोडताय?" आणि वर दरी पांढरी झालेली असते.

त्यात खडकवासल्याचा आकार आड येतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, हे पुणेकरांना आठवत असेल. आता हिशेब बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. तो दिवसभर वाहिला की ८६,४०० घनफूट होतात. त्यामुळे ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी. ३५ हजार क्युसेक दिवसभर म्हणजे तीन टीएमसी. खडकवासल्याचं अख्खं पोट दोनाचं. पुराच्या दिवशी हे धरण काहीच पोटात घेऊ शकत नाही, वरून आलं की खाली द्यावंच लागतं. जागा राखायची ती पानशेत-वरसगावला, आणि ती आदल्या पंधरवड्यात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्यापाठोपाठ खडकवासलाही, तेव्हापासून या शहरात धरणाच्या पातळीबद्दल कुणी निवांतपणे बोलत नाही. ते बरंच आहे.

अशा वेळी मागच्या वर्षांच्या नोंदी कामाला येतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर वर्षी किती येवा आला, ते आकडे उतरत्या क्रमानं मांडायचे आणि चारांतल्या तीन वर्षांत निदान जेवढा आला तो धरायचा. त्याला ७५ टक्के विश्वासार्हता म्हणतात. तेवढा येवा येणारच असं धरून आज किती जागा मोकळी ठेवली तरी चालेल हे निघतं. उरलेलं चौथं वर्ष कुठलं, हे मात्र कोष्टक सांगत नाही.

नदीत सोडलेलं पाणी वाया गेलं अशी ओरड दर वर्षी होते. ते वाया जात नाही. मुठेतून मुळा-मुठा, तिथून भीमा आणि पुढे उजनी. सोलापूरकर त्या विसर्गाचे आकडे आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतात.

सप्टेंबरअखेर मी पानशेतला पातळीची नोंद कशी घेतात ते बघायला गेले. तोवर मला आकडे रोज सकाळी फोनवर मिळत होते आणि मी ते निमूटपणे भरत होते. सकाळी सहाची वेळ, मोजपट्टीपाशी धरणावरचे मोजणीदार मामा उकिडवे बसलेले. पाणी संथ दिसत होतं, पण पट्टीपाशी बारीक लाट वरखाली होत होती. मी वरचा आकडा वाचला.

"थांबा मॅडम, लाट बसू द्या," मामा म्हणाले. त्यांनी लाटेचा वरचा आकडा पाहिला, खालचा पाहिला, मधला धरला, पुन्हा थोडं थांबले आणि मग वहीत लिहिलं. माझ्या आणि त्यांच्या आकड्यात दोन सेंटीमीटरचा फरक. "एवढ्यानं काय होतंय, असं नवीन साहेब लोक म्हणत्यात," ते हसून म्हणाले.

काय होतं ते मी परतताना जीपमध्ये काढलं. दहा चौरस किलोमीटर पाण्याचा पसारा धरला तर एका सेंटीमीटरला एक लाख घनमीटर. म्हणजे दहा कोटी लिटर. दोन सेंटीमीटरला वीस. त्या दिवसापासून सकाळच्या फोनवर मी आकडा लिहून घेण्याआधी वारा आहे का ते विचारते.

मग आली १५ ऑक्टोबर. त्या वर्षी चारही धरणं भरलेली होती, म्हणजे पाटी कोरी आणि खिशात २९.१५. मी एक्सेलमध्ये डावीकडून महिने मांडले: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. प्रत्येकाखाली खर्च लिहीत उजवीकडे निघाले. उपअभियंता साहेब मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, असं नाही. जुलैपासून मागं या."

या सगळ्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. पुढच्या जुलैत धरणाच्या तळाशी किती पाणी असायलाच हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून महिना महिना मागे यायचं. डावीकडून निघालं की डिसेंबरात सढळ हात सुटतो आणि मे महिन्यात उरेल ते उरतं. उजवीकडून आलं की आधी कुलूप लागतं, मग वाटणी. पिण्याचं पाणी निदान १५ जुलैपर्यंत पुरलं पाहिजे असं धरण्याची रीत आहे, कारण जून कोरडा जाऊ शकतो. २०१४ चा जून तसाच गेला होता आणि पुण्यात पाणीकपात करावी लागली होती. साहेब म्हणाले, "यंदा ३१ जुलै धरा."

पंधराच दिवस तर आहेत, असं मला वाटलं. पण आकडे मांडल्यावर वाटेना.

शहराला खडकवासल्यातून मंजूर कोटा तेव्हा साडेअकरा टीएमसीचा होता. दिवसाच्या भाषेत साधारण ८९२ एमएलडी, म्हणजे रोज तेवढे दशलक्ष लिटर. प्रत्यक्ष उचल त्याहून बरीच जास्त असते, हे उघड गुपित आहे. आता भामा आसखेडचंही पाणी शहराच्या पूर्व भागाला येतं, तरी खडकवासल्यावरचा भार फारसा हलका झाला असं तक्ता म्हणत नाही. कोटा धरून नियोजन केलं की तक्ता देखणा होतो आणि मार्चमध्ये फाटतो. म्हणून महिन्याला दीड टीएमसी धरले. १५ ऑक्टोबर ते १५ जुलै नऊ महिने, साडेतेरा टीएमसी. ३१ जुलै धरलं की सव्वाचौदा.

दुसरीकडे कालवा. नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. हडपसर, लोणी काळभोर, यवत, पाटस करत इंदापूर तालुक्यात. एक आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची एक पाळी, ११०० क्युसेकनं पंचेचाळीस दिवस चालवलं तर ४.२८ टीएमसी. रब्बीचं एक, उन्हाळ्याची दोन, म्हणजे पावणेतेराच्या वर. २९.१५ मधून सव्वाचौदा आणि पावणेतेरा वजा करा. हातात दोनच्या आसपास राहतात. त्यातच कालव्यावरच्या गावांच्या नळयोजना, त्यातच बाष्पीभवन.

बाष्पीभवनाला कुणी आवर्तन देत नाही, ते आपलं आपण घेतं. दहा चौरस किलोमीटर पसाऱ्यावरून रोज सात मिलिमीटर उडालं तर शंभर दिवसांत पाव टीएमसी गेलं. म्हणून पाणी कुठल्या धरणात साठवून ठेवायचं हाही नियोजनाचाच भाग असतो. पसारा मोठा आणि खोली कमी असेल तिथलं आधी वापरायचं, खोल धरणातलं मागे ठेवायचं. टेमघरचा निर्णय आमच्या हातात नव्हता. तिथल्या गळतीच्या दुरुस्तीसाठी ते आधी रिकामं करणं भागच होतं. मग वरसगाव आणि पानशेत आळीपाळीनं. खडकवासल्यात कालवा आणि जलवाहिनी चालेल एवढी पातळी कायम राखायची. शहराचे सुमारे ५८० क्युसेक आणि कालव्याचे ११०० धरले तर जवळजवळ १७०० क्युसेक वरून यायला हवेत. वरून काहीच आलं नाही तर भरलेलं खडकवासला दोन आठवडेही टिकत नाही. हे गणित मी तीनदा तपासलं, कारण विश्वास बसेना.

या हिशेबात १५ जुलै आणि ३१ जुलै यांतला फरक पाऊण टीएमसीचा. कालव्याच्या भाषेत, ११०० क्युसेकचे आठ दिवस. पाऊस पंधरवडाभर उशिरा येईल या भीतीची किंमत आठ दिवसांचं पाणी, आणि ती द्यायची कुणी, तर उन्हाळ्याच्या शेवटच्या आवर्तनात कालव्याच्या शेपटाकडच्यांनी.

दरम्यान पाणी मागणीचे अर्ज येऊन पडले होते. नमुना क्रमांक ७, शाखा कार्यालयांतून गठ्ठेच्या गठ्ठे. गट नंबर, क्षेत्र, पीक, मागील थकबाकी. एका गठ्ठ्यात ओळीनं सगळ्यांनी गहू आणि हरभरा लिहिलेला. त्या भागात मी पंधरवड्यापूर्वीच फिरून आले होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सोडून दुसरं काही दिसलं नव्हतं. कालवा निरीक्षकांना विचारलं तर म्हणाले, "उसाच्या बांधाला लावत्यात की हरभरा." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण गव्हाच्या पाण्यावर नियोजन करून उसाचं आवर्तन चालवायचं आहे, एवढं त्यातून कळलं. गव्हाला मार्चनंतर पाणी लागत नाही. उसाला मे महिन्यातच खरं लागतं.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीबद्दल फार लिहीत नाही. पालकमंत्री अध्यक्ष, आजूबाजूला आमदार, शहराचे अधिकारी, आमचे वरिष्ठ. मी मागच्या रांगेत फाईल मांडीवर घेऊन. माझ्या आठवडाभराच्या तक्त्याचं तिथे एक पान झालं होतं आणि त्या पानावरही सगळ्यांची बोटं दोनच रकान्यांवर. शहराचं म्हणणं, कपात नको. तालुक्यांचं म्हणणं, आवर्तनं तीन हवीत आणि पूर्ण हवीत. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेला किती, हा प्रश्न शेवटी उरला. दोन्ही बाजू खऱ्याच बोलत होत्या, आणि दोघांचं मिळून खरं पाणी ३१ टीएमसीला जात होतं. ३१ जुलैची तरतूद कायम राहिली, तिसरं आवर्तन आठ दिवसांनी आखूड झालं. तासाभरात संपलं.

पाणी सोडणं हे मात्र तासाभराचं काम नाही. आवर्तन शेपटाकडून माथ्याकडे द्यायचं असतं, नाहीतर वरचे भरून घेतात आणि खालच्यांना ओलावा मिळतो. म्हणजे पाणी आधी थेट इंदापूरच्या बाजूला न्यायचं आणि यवत-पाटसच्या लोकांनी ते डोळ्यांसमोरून वाहताना नुसतं बघायचं. कुणाला बघवेल? रात्री कालव्यात पाइप पडतात. पाटकरी मामा टॉर्च घेऊन फिरतात, पाइप ओढून काढतात, पुढच्या वळणावर दुसरा असतोच. त्यात माथ्याशी विसर्ग वाढवून भरपाई करावी म्हटलं, तर कालवा दाट वस्तीतून जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला पर्वतीच्या जनता वसाहतीपाशी कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाकडचा भाग पाण्याखाली गेला होता. तेव्हा दाब वाढवायचा विचार सुद्धा जपून करायचा.

एप्रिलात एकदा इंदापूरकडून फोन आला. पाणीवापर संस्थेतले एक वयस्कर गृहस्थ, माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला देव जाणे.

"मॅडम, चारीला पाणी आलंय म्हनं."

"हो काका, काल संध्याकाळी पोचलंय. नोंद आहे."

"आलंय खरं. पर घोट्याच्या वर चढंना. तुमच्या वहीत किती लिवलंय?"

वहीत माथ्याचा विसर्ग होता. त्यांना घोट्याचा हवा होता. दुसऱ्या दिवसापासून मी शेपटाकडच्या गेजची रोजची नोंद वेगळी मागवायला लागले. ती आल्यावर वहन-घट, म्हणजे कालव्यात वाटेतच कमी होणारं पाणी, किती हे पहिल्यांदा माझ्या तक्त्यात दिसलं. तोवर ती 'नेहमीची टक्केवारी' म्हणून आधीच वजा केलेली असायची आणि तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मे संपला, आवर्तन ठरल्याप्रमाणे आठ दिवस आधी बंद केलं. जूनमध्ये शहरात दोन-चार वळीव होऊन गेले, धरणांत त्यातलं काही आलं नाही. तापलेली माती पहिलं पाणी पिऊन टाकते. घाटमाथ्यावर सलग लागल्याशिवाय ओढे वाहत नाहीत. ३० जूनला वर्ष बंद करताना मी शिल्लक साठ्याचा रकाना भरला आणि तो नियोजनापेक्षा थोडा वरच निघाला. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात टेमघर-पानशेतला पाऊस धरला. राखून ठेवलेल्या पाऊण टीएमसीला हातही लागला नाही.

ऑक्टोबरात पुढच्या बैठकीआधी पाणीवापर संस्थांची आमच्या कार्यालयात चर्चा झाली, तेव्हा फोनवरचे ते काका प्रत्यक्ष आले होते. पांढरी टोपी, हातात मागच्या वर्षीच्या तक्त्याची झेरॉक्स. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि जुलैच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे ठेवलेलं पानी लागलं का?"

"नाही लागलं. पाऊस वेळेत आला."

"मग ते आमचे आठ दिवस व्हते की! माझा दीड एकर उसाचा खोडवा वाळला त्या आठ दिसात."

"आणि पाऊस आला नसता तर काका?"

"तर न्हाई म्हनलो असतो का मी? पर सगळं कुलपात कशाला? निम्मं तरी मे मधी सोडायचं, पावसाचा अंदाज बघून."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. ऑक्टोबरात जुलैचा अंदाज कुणालाच नसतो, म्हणून आपण सगळ्यात मोठी भीती धरतो. पण एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा पहिला अंदाज येतो, मेच्या मध्याला मान्सून केरळात कधी पोचेल त्याचा. तोवर तिसरं आवर्तन चालूच असतं. ऑक्टोबरात ठरवलेलं मे महिन्यात पुन्हा उघडून बघायची सोय आमच्या तक्त्यात नव्हती, एवढंच.

त्या वर्षीच्या तक्त्यात मी एक ओळ वाढवली: ३१ जुलैची तरतूद कायम, त्यातला निम्मा भाग २० मे रोजी साठा, शहराची प्रत्यक्ष उचल आणि मान्सूनचा अंदाज पाहून सोडण्याबाबत फेरविचार. चार दिवसांचं पाणी. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, समासात पेन्सिलीनं 'फेरविचार कोण करणार?' असं लिहिलं आणि फाईल वर पाठवली.